पॉझ्निशेव्हचा राग येतो, मग येत नाही, मग पुन्हा येतो

पानउलटी

टॉलस्टॉयची 'क्रॉइट्झर सोनाटा' परत वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. कथेचा शेवट खाली उघड होणार आहे. त्याने फारसं बिघडत नाही, कारण पॉझ्निशेव्ह स्वतःच सुरुवातीला सांगून टाकतो की मी बायकोचा खून केलाय.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. ही १८८९ मधली दीर्घकथा. आगगाडीच्या डब्यात लग्न आणि प्रेम यांवरून प्रवाशांचा वाद रंगलाय. एक बाई म्हणते, प्रेमाशिवायचं लग्न हे लग्नच नव्हे. अकाली केस पिकलेला, चमकत्या डोळ्यांचा, मधूनच घशातून चमत्कारिक आवाज काढणारा एक माणूस तिला विचारतो, हे प्रेम टिकतं किती? महिनाभर की अर्धा तास? तो कोण आहे हे कळल्यावर बाकीचे काढता पाय घेतात. एक जण थांबतो. त्याला तो कडक चहा पीत रात्रभर सगळं सांगतो. तरुणपणची बाहेरख्याली, लग्न, मुलं, भांडणं, बायकोच्या पियानोला व्हायोलिनची साथ करणारा त्रुखाचेव्स्की (दोघं बेथोवेनची 'क्रॉइट्झर सोनाटा' ही रचना वाजवतात), संशय, खून. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलेलं आहे. फसवला गेलेला नवरा, अब्रूसाठी हात उचलला, असा निकाल.

आता माझं काय झालं ते. सुरुवातीला निव्वळ किळस. मग तो लग्नाच्या बाजाराबद्दल बोलायला लागतो. मुलींना नटवून मांडायचं, पुरुषांनी येऊन निवड करायची, आणि त्या पुरुषांनी आजवर काय काय केलंय हे ठाऊक असूनही घरातल्या मोठ्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. हे तो इतकं नेमकं बोलतो की मी मान डोलवायला लागले. बायकोला मारलेल्या माणसाच्या बोलण्यावर.

पुढे ती मान थांबली. कारण लक्षात यायला लागलं की हा दोष वाटत सुटलाय. डॉक्टरांना, शिंप्यांना, आयांना, बेथोवेनला. सगळ्यांना वाटून झाल्यावर स्वतःकडे उरतो तो अगदी थोडा. मान्य, तो स्वतःला डुक्कर म्हणतो, पण ते 'आम्ही सगळे पुरुष डुक्कर' अशा थाटात. सगळ्यांचाच गुन्हा म्हटला की तो कोणाचाच राहत नाही.

मग खुनाची रात्र येते. तो न कळवता घरी परत आलाय. आवाज होऊ नये म्हणून बूट काढतो. भिंतीवरचा वाकडा खंजीर उचलतो. खंजिराचं म्यान सोफ्याच्या मागे पडतं, आणि त्याच्या मनात येतं की हे नंतर शोधून काढायला हवं, नाहीतर हरवेल.

इथे मला तो एकदम माणूस वाटला. म्हणजे चांगला वाटला असं नाही. तोवर तो एक मत होता, एक रोग होता. म्यान हरवेल ही काळजी वाटणारा माणूस मात्र माझ्या ओळखीचा आहे. अशी काळजी मलाही वाटली असती, हे जाणवलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं.

आणि पुढच्याच पानावर हे. व्हायोलिनवाला पळतो. पॉझ्निशेव्हला त्याच्यामागे धावायचं असतं, पण पायात नुसते मोजे. बायकोच्या प्रियकरामागे मोज्यांवर धावणं हास्यास्पद दिसेल, आणि त्याला हास्यास्पद व्हायचं नव्हतं, भयंकर व्हायचं होतं. म्हणून तो तिच्याकडे वळतो. ती बाई त्याच्या मोज्यांपायी मेली. त्यानंतर मला त्याचा जो राग आला तो सुरुवातीच्या किळसेपेक्षा पार वेगळा होता. किळस लांबून येते. हा राग जवळून आला.

तर विचारायचंय असं, की एखाद्या नीच निवेदकाबद्दल तुमचं मन असं फिरलंय का? आणि नक्की कुठल्या जागी फिरलं? 'पुस्तक वाचता वाचता' असं नको, नेमकी जागा सांगा.

रातराणी

म्यान वाचून अंगावर काटा आला. कथा वाचलेली नाही, आजच मिळवते. फक्त एक विचारू का? बायकोचं नाव काय? तुम्ही व्हायोलिनवाल्याचं नाव दिलंय, तिचं नाही.

पानउलटी

@रातराणी, मी गाळलेलं नाही. तोच सांगत नाही. मुलीचं नाव येतं, नोकराचं येतं, तिचं येत नाही. 'माझी बायको', 'ती'. बस.

तळटीप

छान धागा. दोन गोष्टी जोडतो.

पहिली खुनाच्या प्रसंगाबद्दल. रागाच्या भरात काय केलं ते आठवत नाही असं लोक म्हणतात ते सगळं खोटं, असं पॉझ्निशेव्ह ठासून सांगतो. मला सगळं आठवतं, एक क्षणही मी शुद्ध हरपलो नाही. आणि मग तो सांगतो की खंजीर आधी तिच्या कमर आवळणाऱ्या कॉर्सेटला अडला, क्षणभर विरोध जाणवला, आणि मग तो मऊ कशात तरी शिरला. कोर्टात हे सांगितलं असतं तर सुटला नसता. सुटला तो 'भान हरपलेला नवरा' म्हणून. म्हणजे ज्या बचावावर त्याची सुटका झाली तोच बचाव तो गाडीत बसून स्वतःच्या हाताने मोडतो. माझं मन फिरलं ते इथे. या माणसाबद्दल मला जो थोडासा आदर वाटतो तो एवढ्याच एका जागेपुरता.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही असा निवेदक, 'अविश्वसनीय निवेदक', ही संज्ञा वेन बूथ या समीक्षकाने १९६१ च्या आपल्या ग्रंथात मांडली. त्यामागे एक गृहीतक असतं, की लेखक निवेदकाच्या पाठीमागून आपल्याला खूण करतोय. हा काय बोलतो ते ऐका, पण मला काय म्हणायचंय ते वेगळं आहे. 'क्रॉइट्झर सोनाटा'त ही सोय नाही. वाचकांची पत्रं यायला लागल्यावर टॉलस्टॉयने कथेला उपसंहार जोडला आणि ब्रह्मचर्य, वैवाहिक सुख वगैरेंबद्दल पॉझ्निशेव्ह जे बोलतो त्यातलं बरंचसं आपलंच मत म्हणून मांडलं. आता वाचकाने कुठे उभं राहायचं? ज्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना आपण सावध झालो होतो त्याच्याच बाजूला लेखक येऊन बसलाय.

मी माझ्यापुरता मार्ग काढला तो असा. उपदेश करणाऱ्या टॉलस्टॉयला म्यानाची गरज नव्हती. मोज्यांची नव्हती. कॉर्सेटची नव्हती. त्याचं प्रतिपादन या गोष्टींशिवाय पूर्ण होत होतं. त्या आल्या कथाकाराकडून, आणि कथाकार मला उपदेशकापेक्षा जास्त खरा वाटतो. लेखकाने नंतर काय म्हटलं याला मी किंमत देतो, पण कथेच्या पोटातल्या पुराव्यापेक्षा जास्त नाही.

अर्धविराम

मी थोडं विरोधात बोलणार आहे.

मी नाबोकोव्हची 'लोलिता' ही कादंबरी अर्धवट सोडली. बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणारा माणूस इतक्या देखण्या भाषेत बोलतो की वाचणारा आधी वाक्याला दाद देतो आणि मग वाक्यात काय चाललंय ते त्याला कळतं. ही दाद माझ्याकडून काढून घेतली जातेय असं वाटलं आणि मी पुस्तक बंद केलं. घाबरून नाही. मला जे समजायचं होतं ते समजलं होतं. पुस्तक खाली ठेवणं हाही वाचकाचा प्रतिसादच आहे, आणि 'शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बोलू नका' हे मला मान्य नाही.

पानउलटी, तुमची डोललेली मान आणि मी दिलेली दाद एकाच जातीची आहे. तुम्ही पुढे गेलात, तुम्हाला म्यान मिळालं, मोजे मिळाले, तुमचं मन तीन-चार वेळा फिरलं. पण सगळ्या वेळा ते फिरलं त्याच्याबद्दल. किळस त्याची, सहमती त्याच्याशी, ओळख त्याची, राग त्याचा. रातराणीने नाव विचारलं तेव्हा कुठे या धाग्यात ती आली.

मला वाटतं अशा कथनाची खरी करामत हीच आहे. तो आपल्याला आवडतो की नाही हा प्रश्नच नसतो. आपण त्याच्यात गुंतून राहतो एवढं त्याला पुरतं.

पानउलटी

@अर्धविराम, हे लागलं, आणि लागायला हवंच होतं. सावकाश उत्तर देते.

दूरदिवा

अर्धविराम यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, तरी 'लोलिता'बद्दल थोडं वेगळं सांगतो. ज्यांनी ती पूर्ण वाचायची नाही असं ठरवलंय त्यांनी वाचू नये, यात वादच नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला एका पीएच.डी. झालेल्या माणसाच्या नावाने प्रस्तावना आहे. तीही नाबोकोव्हनेच रचलेली. तीत कोणाकोणाचं पुढे काय झालं याची कोरडी यादी येते. त्यात एका विवाहित बाईचं नाव आहे, बाळंतपणात गेली, मूल मृत जन्मलं, १९५२ चा नाताळ. पहिल्यांदा वाचणारा हे वाचून पुढे जातो, कारण ती कोण हे त्याला माहीत नसतं. शेवटापर्यंत पोचल्यावर तिचं लग्नानंतरचं आडनाव कळतं आणि मग समजतं की ज्या मुलीची गोष्ट आपण वाचली ती पहिल्या पानापासून मेलेली होती. आपण त्या ओळीवरून नजर फिरवून गेलो होतो. माझं मन फिरलं ते तिथे, पुस्तक संपवून प्रस्तावना पुन्हा वाचताना. आणि तेव्हा हम्बर्टबद्दल, म्हणजे त्या निवेदकाबद्दल, काही वाटायला जागाच उरली नाही. सगळं तिच्याकडे गेलं.

दुसरी जागा मधली. त्यांच्या लांबलचक मोटारप्रवासाबद्दल तो पानंच्या पानं लिहितो, आणि त्या भागाच्या शेवटी वाक्याच्या शेपटाला येतं की रात्री, रोज रात्री, तो झोपेचं सोंग घेताच ती रडायची. एवढंच. त्याच्या त्या डौलदार भाषेला या हुंदक्यांचं काहीही करता येत नाही.

मला असं दिसलंय की या प्रकारच्या पुस्तकांत मन फिरतं ते निवेदकाच्या कबुलीने नाही. कबुली त्याच्याच हातात असते, तो ती सजवू शकतो. मन फिरतं जिथे समोरच्या माणसाचं एखादं वागणं त्याच्या कथनातून निसटून आपल्यापर्यंत येतं तिथे.

पुढे 'दों काझमुर्रो'बद्दल लिहायचंय, जेवून येतो.

वळचणीतला

मराठीत या जातीचं म्हणून भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' (१९६५) आठवलं. पोक्याच्या तोंडून येणारी नाक्यावरच्या पोरांची भाषा, पोरींकडे बघण्याची ती नजर. त्यावरून वादळ उठलं होतं. पण पॉझ्निशेव्ह आणि हम्बर्ट यांच्यात आणि पोक्यात मोठा फरक आहे. ते दोघं वकिली करतात. पोक्या आपल्याकडे काहीच मागत नाही, ना माफी, ना समजूत. त्यामुळे तिथे माझी घालमेल झाली ती निराळी. त्याच्यावर रागवायला गेलो की तो राग घ्यायला समोर कोणी उभंच नसतं. अश्लील म्हणून ओरडणाऱ्यांना बहुतेक हेच सोसलं नसावं. हे माझं मत.

दूरदिवा

हं, तर माशादु द आसिस या ब्राझिलियन लेखकाची 'दों काझमुर्रो', १८९९. या धाग्यासाठी मला तिच्याइतकं चपखल उदाहरण सुचत नाही, कारण तिथे एकट्या वाचकाचं नव्हे, वाचकांच्या पिढ्यांचं मन फिरलंय.

बेंतू सांतियागो हा म्हातारा होत चाललेला, एकटा, सुशिक्षित वकील आपली कहाणी सांगतो. शेजारची कापितू, बालपणापासूनचं प्रेम, आईने त्याला पाद्री करायचा केलेला नवस, त्यातून सुटका, लग्न, मुलगा. मग जवळचा मित्र एस्कोबार बुडून मरतो, आणि बेंतूला मुलगा दिवसेंदिवस मित्रासारखा दिसायला लागतो. तो बायकोला आणि मुलाला युरोपात नेऊन ठेवतो, परत आणत नाही. ती तिकडेच मरते.

कितीतरी वर्षं वाचकांनी आणि समीक्षकांनी ही फसवल्या गेलेल्या नवऱ्याची गोष्ट म्हणून वाचली. तो सभ्य आहे, हळवा आहे, गोड बोलतो. १९६० मध्ये हेलन काल्डवेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पुस्तक लिहून विचारलं की अहो, साक्षीदार कोण आहे? फिर्यादी, वकील आणि साक्षीदार एकच माणूस आहे, आणि ज्याला तो पुरावा म्हणतोय तो एका चेहऱ्यातला सारखेपणा. त्यांनी त्याची तुलना शेक्सपिअरच्या ऑथेल्लोशी केली, आणि तो दुवा पुस्तकातच आहे. बेंतू एका संध्याकाळी नाटकाला जातो ते 'ऑथेल्लो'च असतं. निरपराध बायको मरताना बघून त्याच्या मनात काय येतं? की डेस्डिमोना निर्दोष असून तिची ही गत, मग कापितूने तर कशाला पात्र व्हावं!

दुसऱ्या दिवशी तो स्वतःसाठी कॉफीत विष कालवतो. लहानगा मुलगा खोलीत येतो. तो पेला मुलाच्या तोंडाजवळ नेतो. आणि मग मागे घेतो. हा प्रसंग तो आपल्याला दुःखी बापाच्या सुरात सांगतो, आणि आपण पहिल्या वाचनात खरंच त्याच्यासाठी कळवळतो. मुलासाठी नाही!

माझी जागा शेवटाकडची आहे. मुलगा मोठा होऊन भेटायला येतो, पुढे संशोधनाच्या प्रवासात टायफॉइडने जेरुसलेमजवळ मरतो. ती बातमी सांगून झाल्यावर बेंतू म्हणतो, तरीही मी पोटभर जेवलो आणि नाटकाला गेलो. हे वाक्य वाचल्यावर मला आधीची सगळी पानं परत उलटावी लागली. हळवेपणाचा एवढा मोठा साठा असलेल्या माणसाकडे या पोरासाठी एक घासभर हळवेपणा निघाला नाही. मग आधीचा तो सगळा साठा कशाचा होता?

रातराणी

बाप रे. कॉफीचा पेला.

ओलीशाई

सगळे प्रतिसाद वाचतोय. एका गोष्टीवर मात्र अडलोय. धाग्याचा सूर असा होत चाललाय की निवेदकाची दया येणं हा एक सापळा आहे आणि शहाणा वाचक त्यातून सुटतो. मला तसं वाटत नाही.

दस्तयेव्हस्कीची 'अधोलोकातील टिपणं' (१८६४) घ्या. आपण आजारी आहोत, दुष्ट आहोत असं तो माणूस पहिल्याच ओळींत सांगतो. नंतर तो वेश्यागृहातल्या लिझाला तिच्या भविष्याचं इतकं भीषण चित्र ऐकवतो की ती मोडून पडते. तिला सावरावं हा हेतू नसतोच, त्याला नुसती सत्ता चालवायची असते. ती विश्वास टाकून त्याच्या घरी येते, तेव्हा तो तिला हेही तोंडावर सांगतो की मी तुझी चेष्टा करत होतो. आणि बोलता बोलता स्वतःच कोसळतो. त्यावर ती काय करते? त्याला जवळ घेते. त्या सगळ्या विषारी बडबडीतून तिला एकच ऐकू येतं, की हा माणूस दुःखी आहे.

म्हणजे ज्याच्यावर दया करू नये असं आपण म्हणतोय त्याच्यावर पुस्तकातली सगळ्यात जास्त दुखावलेली व्यक्तीच दया करते. तिला कोणी फसवून ती काढून घेतलेली नाही. तिने सगळं ऐकून, समजून दिलेली आहे. मग मी ती नाकारणारा कोण?

माझं मन त्याच्याकडे ओढलं गेलं ते इथे. आणि मला त्याची लाज वाटत नाही. तो नीच आहे हे मी एका क्षणासाठीही विसरलो नव्हतो. दोन्ही एकत्र राहतं, आणि मला वाटतं अशी पुस्तकं वाचायची ती हे दोन्ही एकत्र पेलता यावं म्हणून.

अर्धविराम

@ओलीशाई, लिझाचा मुद्दा मनापासून पटला, पण तुम्ही प्रसंग अर्ध्यावर सोडलात.

त्यानंतर तो तिच्या हातात पैसे कोंबतो. तिला परत वेश्या करून टाकण्यासाठी, मुद्दाम. ती निघून जाते. थोड्या वेळाने त्याला टेबलावर चुरगळलेली निळी पाच रुबलची नोट दिसते. तीच. तिने जाताजाता ती तिथे टाकलेली असते. तो म्हणतोही की ती असं करेल असं मला वाटलंच नव्हतं. त्याच्या त्या भल्यामोठ्या बुद्धीत तिच्यासाठी ही शक्यताच नव्हती.

लिझाने दया केली हे खरं. पण लिझा उठून गेलीसुद्धा, नोट टाकून. दया करणं आणि थांबणं ह्या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आपण वाचक मात्र दया आली की थांबतो, आणि थांबलो की त्याचं ऐकत राहतो.

दूरदिवा

नोटेबद्दल शंभर टक्के. मी वर निसटून येणारं वागणं म्हटलं ते हेच.

ओलीशाई

@अर्धविराम, नोट मी विसरलो नव्हतो, पण तुम्ही ती जिथे ठेवलीत तिथे मी ठेवली नव्हती. मला ती त्याच्या पराभवाची खूण वाटायची. तुम्ही ती तिची कृती म्हणून वाचताय. तुमचं वाचन जास्त बरोबर आहे.

तरी थांबण्याबद्दल नाही पटत. लिझाला निघून जायचा पूर्ण अधिकार आहे कारण त्याने जे केलं ते तिच्यावर केलं. माझ्यावर त्याने काही केलेलं नाही. मी थांबू शकतो, आणि कोणीतरी थांबून ऐकल्याशिवाय अशी माणसं आतून कशी चालतात हे कळणार कसं? पॉझ्निशेव्हच्या डब्यातून सगळेच उठून गेले असते तर मोज्यांची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली असती?

पानउलटी

आता माझं उत्तर.

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद वाचून मी शेवटची पानं पुन्हा काढली. तो तिला बघायला आत जातो तेव्हा तिचा चेहरा सुजलेला, काळानिळा पडलेला असतो, त्यानेच कोपराने मारलेला. आणि तो म्हणतो की तेव्हा पहिल्यांदा मला तिच्यात माणूस दिसला. इतकी वर्षं संसार करून, मुलं होऊन, पहिल्यांदा. मी हे वाक्य आधी त्याचा पश्चात्ताप म्हणून वाचत होते आणि तिथे माझे डोळे भरून येत होते. आता दिसतं की त्याच प्रसंगात ती बोलते, आणि ती काय बोलते ते मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. ती त्याला माफ करत नाही. मुलं तुला देणार नाही, माझी बहीण नेईल, असं ती शेवटच्या घटकेला बजावते. मरता मरता ती मुलांची सोय लावतेय आणि तो तिच्या चेहऱ्यातून स्वतःचा साक्षात्कार काढतोय.

पश्चात्ताप खरा असेल. मला तो खराच वाटतो, तळटीप म्हणतात तसा त्याने स्वतःचा बचाव स्वतःच मोडलाय. पण खऱ्या पश्चात्तापातही तिचं नाव आलं नाही.

आणि ओलीशाई, तुम्ही म्हणता तो थांबलेला प्रवासी. मी त्याच्याकडे आजवर लक्षच दिलं नव्हतं. शेवटी पॉझ्निशेव्ह त्याच्याकडे बघून असं काही केविलवाणं हसतो की प्रवाशाला रडू येईलसं होतं. थांबून ऐकणारा माणूस शेवटी रडायला येतो तो त्याच्यासाठीच. टॉलस्टॉयने आपल्याला कुठे नेऊन बसवलंय ते त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

तळटीप

इथे टॉलस्टॉयच्या पत्नी सोफिया यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

लग्नाआधी, १८६२ मध्ये, टॉलस्टॉयने आपल्या जुन्या डायऱ्या त्यांना वाचायला दिल्या होत्या, पूर्वीच्या सगळ्या भानगडींसकट. त्या अठरा वर्षांच्या होत्या. पॉझ्निशेव्हही होणाऱ्या बायकोला डायरी दाखवतो आणि तिचा हादरलेला चेहरा आठवतो. त्यामुळे कथा बाहेर आल्यावर लोक कोणाकडे बोट दाखवणार हे उघड होतं. आणि तरीही सेन्सॉरने कथा अडवली तेव्हा १८९१ मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरची भेट घेऊन ती समग्र वाङ्मयात छापायची परवानगी मिळवली ती सोफियांनीच.

आणि मग त्यांनी स्वतः एक कथा लिहिली, 'दोष कोणाचा?'. तीच मांडणी, पण बायकोच्या बाजूने. तिथे तिला नाव आहे, ॲना. नवरा मत्सराने तिला मारतो, खंजिराने नाही, टेबलावरचं संगमरवरी पेपरवेट फेकून. ही कथा त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. छापली गेली १९९४ मध्ये, लिहिल्यानंतर शंभर वर्षांनी.

वाङ्मय म्हणून ती नवऱ्याच्या कथेच्या तोडीची नाही असं मला वाटतं. तिच्यातला नवरा आपल्याला बाहेरून दिसतो, संशयी, आत्मकेंद्रित. त्याच्याबद्दल मन एकदाही हलत नाही. मन हलायला तो माणूस स्वतः बोलावा लागतो. पण 'क्रॉइट्झर सोनाटा' मी आता हिच्याशिवाय वाचत नाही.

अर्धविराम

@तळटीप, ही माहिती मला नव्हती, खूप आभार. शंभर वर्षं!

तुम्ही जे उणं म्हणून सांगताय ते मला त्या कथेत हवं आहे. नवरा बाहेरून दिसतो आणि मन हलत नाही. का हलायला हवं? एका कथेत त्याला सगळा आवाज मिळालाय, दुसऱ्या कथेत तो थोडा गप्प बसला तर ते कमी का मानायचं?

तळटीप

गप्प बसला म्हणून कमी मानत नाही. ॲनाही तिथे फार एकसुरी चांगली आहे, म्हणून. तिला एखादी म्यानाची काळजी मिळायला हवी होती. एखादा क्षुद्र, खरा विचार. सोफियांच्या स्वतःच्या डायऱ्यांत असे विचार पानोपानी आहेत, आणि त्या डायऱ्या मला त्यांच्या कथेपेक्षा कितीतरी मोठ्या वाटतात.

अर्धविराम

हे मान्य. मग डायऱ्या वाचते.

आणि दूरदिवा, 'लोलिता'ची प्रस्तावना मी वाचली होती. ती ओळ मला आठवत नाही, म्हणजे मीही त्यावरून नजर फिरवूनच गेले असणार. पुन्हा हातात घेणार आहे, या वेळी ती काय करते, काय बोलते तेवढंच बघत. त्याच्या वाक्यांना दाद द्यायची नाही असं ठरवून. जिथे असह्य होईल तिथे थांबेन आणि कुठे थांबले ते इथेच लिहीन.

दूरदिवा

लिहा. मी तोवर दुसऱ्या भागातली टेनिसची पानं पुन्हा काढतो. ती तिथे खेळताना दिसते, आणि तिचा खेळ त्याच्या शब्दांत पुरता मावत नाही असं मला वाटत आलंय. तुम्ही तिथवर पोचलात तर त्यावर बोलू.